हसण्याची दिशा: व्हिक्टोरियन आणि एडवर्डियन विनोदातलं स्वसंरक्षण

डिसेंबर १८५६मध्ये लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात एक व्यंगचित्र छापून आलं. संध्याकाळच्या अंधुक उजेडात एक गृहस्थ कचेरीतून घरी निघाला आहे. बायकांच्या झग्याला घेर देणारा क्रिनोलिनचा सांगाडा पाहून त्याला युक्ती सुचली आणि त्याने स्वतःसाठी तसाच फुगीर ओव्हरकोट करून घेतला. मागून आलेल्या चोराने हात लांबवला आहे, पण कोटाचा घेर एवढा मोठा की हात गळ्यापर्यंत पोचतच नाही. गृहस्थाला दिलेलं नावही थरकाप सुचवणारं आहे. स्वसंरक्षणावरचा व्हिक्टोरियन विनोद पाहायला बसलं की सुरुवात अशा चित्रांपासून करावी लागते, कारण त्यात हल्लेखोरापेक्षा घाबरलेला माणूसच अधिक हास्यास्पद दाखवला आहे.

व्हिक्टोरिया राणीच्या १८३७मधल्या राज्यारोहणापासून १९१४च्या महायुद्धापर्यंत इंग्लंडमध्ये मारामारी शिकण्यावर, शिकवण्यावर आणि ती अंगाशी येण्यावर विपुल विनोद झाला. कादंबऱ्या, व्यंगचित्रं, नाटकं, म्युझिक हॉलमधली प्रहसनं आणि पुढे मूकपट, सगळीकडे तो सापडतो. अभ्यासकांनी त्याचे तुकडे वेगवेगळे तपासले आहेत. मुष्टियुद्धाचा इतिहास लिहिणारे एकीकडे, जुजुत्सू या जपानी कुस्तीविद्येच्या प्रसाराचा माग काढणारे दुसरीकडे आणि स्त्रियांच्या मताधिकार चळवळीचे अभ्यासक तिसरीकडे. हे तुकडे एकत्र ठेवले की या काळात हसण्याची दिशा कशी बदलत गेली ते दिसतं. आधी भित्र्या पुरुषाला हसणारा समाज नंतर परक्या देशाच्या लहानखुऱ्या पहिलवानाला हसू पाहतो आणि शेवटी लढणाऱ्या बाईला. हा अखेरचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ज्यांच्यावर विनोद झाला त्यांनीच तो उचलून आपल्या कामाला लावला.

‘पंच’मधल्या त्या चित्रामागची भीती खोटी नव्हती. ‘गॅरोटिंग’ म्हणजे मागून येऊन हाताने किंवा दोरीने गळा आवळायचा आणि माणूस गुदमरलेला असताना त्याचे खिसे रिकामे करायचे. १८५६च्या सुमारास वृत्तपत्रांत अशा लुटीच्या बातम्या वाढल्या. जुलै १८६२मध्ये जेम्स पिल्किंग्टन हे खासदार संसदेतून निघून रात्री पायी जात असताना ऐन पॉल मॉलच्या परिसरात लुटले गेले आणि एकच हलकल्लोळ उडाला. खिळे लावलेल्या गळपट्ट्यांची थट्टा सुरू झाली, अंधारात एकमेकांनाच चोर समजून बिचकणाऱ्या सभ्य गृहस्थांची चित्रं आली. वृत्तपत्रांनी ही भीती किती फुगवली यावर नंतरच्या इतिहासकारांनी बरंच लिहिलं आहे. मात्र तिचा परिणाम अगदी खराखुरा झाला. १८६३मध्ये संसदेने कायदा करून अशा लुटारूंना फटक्यांची शिक्षा लागू केली. ‘पंच’ने दोन्ही सूर एकदम लावले होते, भेदरलेल्या मध्यमवर्गीयाला हसायचं आणि गुन्हेगारांवर कडक कारवाई हवी म्हणून गजरही करायचा. त्या हसण्यात आपण आपलं रक्षण करू शकत नाही याची बोच होती आणि त्या अर्थाने ते हसू प्रामाणिक होतं.

इंग्रज पुरुषाला मुष्टियुद्ध हा आपला वारसा वाटायचा. परदेशी माणूस सुरा काढतो आणि इंग्रज मुठी वळतो, हा अभिमान त्या काळच्या लेखनात जागोजागी आढळतो. अभिमान एवढा मोठा असला की विनोदकाराला आयतंच मैदान मिळतं. डिकन्सने ‘डॉम्बी अँड सन’ या १८४६ ते १८४८ दरम्यान क्रमशः आलेल्या कादंबरीत मिस्टर टूट्स नावाचा श्रीमंत, भोळा तरुण रंगवला. मर्दानी विद्या आल्या पाहिजेत म्हणून तो ‘गेम चिकन’ या टोपणनावाचा धंदेवाईक ठोसेबाज नेमतो. हा वस्ताद आठवड्यातून तीन वेळा येतो, टूट्सच्या डोक्यावर ठोसे हाणतो आणि प्रत्येक खेपेला साडेदहा शिलिंग घेऊन जातो. मार खाण्यासाठी मोजून पैसे देणारा हा विद्यार्थी डिकन्सने प्रेमाने लिहिला आहे, म्हणूनच तो आजही टवटवीत वाटतो. ‘गेम चिकन’ हे नावही हवेतून आलेलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री पिअर्स हा इंग्लंडचा विजेता मुष्टियोद्धा याच नावाने गाजला होता आणि जुन्या वाचकांना ते आठवत असणार.

कथबर्ट बीड या टोपणनावाने लिहिलेल्या ‘व्हर्डंट ग्रीन’च्या गोष्टी १८५३पासून पुढे आल्या आणि अतिशय लोकप्रिय झाल्या. ऑक्सफर्डमध्ये नव्याने दाखल झालेल्या बावळट मुलाची ही कथा. तिथे गावातली पोरं आणि विद्यापीठातले विद्यार्थी यांच्यात परंपरेने दंगल व्हायची. बीडच्या गोष्टीतले विद्यार्थी आपल्या बाजूने ‘पुटनी पेट’ नावाच्या ठोसेबाजाला विद्यापीठाचा झगा चढवून आणतात. आपली मर्दानगी सिद्ध करायला भाड्याचा माणूस लागतो, ही थट्टा नेमकी जागेवर बसते. टूट्स आणि व्हर्डंट ग्रीन दोघेही एकाच वर्गाचे. पैसा आहे, शिक्षण आहे, पण हातपाय चालवायची वेळ आली की खालच्या वर्गातल्या माणसाकडे जावं लागतं.

१७ एप्रिल १८६० रोजी फार्नबरोला टॉम सेयर्स आणि अमेरिकेचा जॉन हीनन यांची उघड्या मुठींची लढत झाली. ती कायद्याने निषिद्ध होती, तरी साऱ्या देशाचं लक्ष तिच्याकडे लागलेलं होतं. दोन तासांहून अधिक चाललेल्या या लढतीचा निकाल लागला नाही. ‘पंच’ने लगेच मकॉलेच्या रोमन वीरगीतांच्या धर्तीवर दोघांना लॅटिन वळणाची नावं देऊन विडंबनकाव्य छापलं. १८६७मध्ये क्वीन्सबरी नियम प्रसिद्ध झाले, हातमोजे आले आणि खेळाला हळूहळू सभ्यपणा चढला.

त्या सभ्यपणाचा सर्वांत खोडकर अभ्यासक म्हणजे जॉर्ज बर्नार्ड शॉ. शॉने तरुणपणी स्वतः मुष्टियुद्धाचा सराव केला होता आणि १८८३मध्ये क्वीन्सबरी हौशी स्पर्धेसाठी नावही नोंदवलं होतं, ही गोष्ट त्याची नाटकं वाचणाऱ्यांना अनेकदा ठाऊक नसते. ‘कॅशल बायरन्स प्रोफेशन’ ही त्याची कादंबरी १८८६मध्ये पुस्तकरूपाने आली. विदुषी आणि गडगंज श्रीमंत लिडिया एका देखण्या तरुणाच्या प्रेमात पडते आणि तो तरुण निघतो पैशांसाठी ठोसे लगावणारा. कादंबरीतला मला आवडणारा क्षण मुठींचा नाहीच. लिडियाचा नोकर बॅशव्हिल या नामवंत योद्ध्याला दारातच अडवतो आणि कुस्तीचा डाव टाकून जमिनीवर आपटतो. मुठींच्या कौशल्याला कुस्तीच्या पेचाने चीतपट करता येतं, हे शॉने जपानी मल्ल इंग्लंडात येण्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवलं. पुढे १९०१मध्ये त्याने याच कथेचं निर्यमक छंदात नाटक केलं आणि त्याच्या नावात मान दिला तो नायकाला नव्हे, बॅशव्हिलला.

विनोदी वाङ्मयाला समांतर गंभीर मार्गदर्शक पुस्तकांची धार चालू होती. बॅरन डी बेरेंजर याने १८३५मध्ये, म्हणजे व्हिक्टोरियाच्या थोडं आधी, जीव आणि मालमत्ता कशी राखावी यावर पुस्तक काढलं. त्याला क्रुइकशँक बंधूंसारख्या व्यंगचित्रकारांची चित्रं होती. गृहस्थ स्वतः १८१४च्या प्रसिद्ध शेअर बाजार फसवणुकीत सापडून तुरुंगात जाऊन आलेला, त्यामुळे लबाडांपासून सावध कसं राहावं हे त्याला आतून ठाऊक होतं. १८९०मध्ये ॲलन्सन-विन आणि फिलिप्स-वॉली यांचं तलवार आणि काठी यांवरचं पुस्तक आलं, त्यात छत्रीलाही शस्त्र म्हणून मानाची जागा मिळाली आहे. या पुस्तकांतला मजकूर आणि ‘पंच’मधली चित्रं शेजारी ठेवली तर दोन्हींमधलं अंतर फार थोडं वाटतं. दोन्हीकडे टोपी डोक्यावर नीट, कोटाची बटणं लागलेली आणि समोर गुंड. सभ्यता न सांडता मारामारी कशी करायची हा प्रश्न एका ठिकाणी मनापासून सोडवलेला असतो आणि दुसऱ्या ठिकाणी तोच हसण्याचा विषय असतो.

या प्रश्नाला सर्वांत महत्त्वाकांक्षी उत्तर दिलं एडवर्ड विल्यम बार्टन-राइट याने. त्याचा जन्म १८६०मध्ये आपल्याकडे बंगळुरूला झाला. इंजिनिअर म्हणून नोकरी करता करता तो जपानला पोचला, कोबे इथे जुजुत्सूचे धडे घेतले आणि १८९८मध्ये लंडनला परतल्यावर जुजुत्सू, मुष्टियुद्ध, फ्रेंच लाथाप्रहार आणि काठी यांची सांगड घालून ‘बार्टित्सू’ नावाची पद्धत जाहीर केली. नावात त्याने स्वतःलाही बसवून घेतलं. त्याच उन्हाळ्यात लंडनच्या वृत्तपत्रांत ‘हूलिगन’ हा शब्द गाजू लागला होता, तेव्हा गिऱ्हाईक तयारच होतं. ‘पिअर्सन्स मॅगझिन’मध्ये १८९९ आणि १९०१ साली त्याचे सचित्र लेख आले. खांद्यावर टाकलेला ओव्हरकोट हल्लेखोराच्या डोक्यावर झटक्यात कसा फेकावा, त्रासदायक माणसाला खोलीबाहेर कसं काढावं, अशी प्रात्यक्षिकं त्यांत होती. शाफ्ट्सबरी अव्हेन्यूवरच्या त्याच्या क्लबमध्ये स्विस काठीवस्ताद पिएर विन्यी आणि जपानहून आलेले युकिओ तानी आणि सादाकाझू उएनिशी शिकवत. १९०२च्या सुमारास क्लब बंद पडला.

बार्टित्सू त्यानंतर विस्मरणात गेलं असतं, पण कॉनन डॉयलने १९०३च्या ‘द एम्प्टी हाउस’ या कथेत शेरलॉक होम्सला रायखेनबाखच्या कड्यावरून वाचवायला एक जपानी कुस्तीविद्या दिली आणि तिच्या नावातला एक ‘ट’ गळाला. ‘टाइम्स’च्या १९०१मधल्या बातमीतही तीच चूक होती. कथेतला प्रसंग तर बार्टित्सू जन्माला येण्यापूर्वीचा. आज जगभर या पद्धतीचे हौशी अभ्यासक आहेत ते होम्सच्या त्या एका वाक्यामुळे. काठीची बाजू मात्र वेगळ्या वाटेने टिकली आणि ती वाट भारतातून गेली. इथल्या पोलीस खात्यातल्या एच. जी. लँग या अधिकाऱ्याने विन्यीच्या पद्धतीवर आधारलेलं पुस्तक १९२३मध्ये प्रसिद्ध केलं.

युकिओ तानी क्लब सोडून म्युझिक हॉलच्या रंगमंचावर गेला आणि विनोदाची दिशा पालटली. विल्यम बँकियर या स्कॉटिश ताकदवान माणसाने त्याचं व्यवस्थापन घेतलं. प्रेक्षकांतून कोणीही उठावं, तानीसमोर ठरलेल्या मिनिटांपलीकडे टिकावं आणि दर मिनिटाला बक्षीस न्यावं, असं जाहीर आव्हान असे. तानी उंचीने आणि वजनाने लहान, समोर गोदीतले हमाल, सैनिक, गावोगावचे पहिलवान. लोक सुरुवातीला हसायला यायचे ते या लहान माणसाला. आपल्यातला सर्वांत दांडगा गडी काही क्षणांत पाठीवर पडलेला पाहिला की तेच हसू उलटायचं. १९०२मध्ये ब्रिटन आणि जपान यांचा मैत्रीकरार झाला होता, १९०४-०५च्या युद्धात जपानने रशियाला हरवलं आणि जुजुत्सूची साथच पसरली. छोट्याने मोठ्याला लोळवण्याच्या त्या विनोदात वंशाच्या वरचढपणाचा उग्र दर्प आहे, तो आज वाचताना झोंबतो. पण तोच विनोद इंग्रज प्रेक्षकांना नकळत एक धडा देऊन गेला की अंगात ताकद असणं आणि लढता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

शॉचं या आव्हानांकडे लक्ष नसतं तरच नवल. १९०५च्या ‘मेजर बार्बरा’मध्ये टॉजर फेअरमाइल नावाचा कुस्तीगीर प्रत्यक्ष रंगमंचावर येत नाही, पण त्याचा बोलबाला मोठा. म्युझिक हॉलमधल्या जपानी मल्लासमोर तो १७ मिनिटं ४ सेकंद टिकला आणि २० पौंड घेऊन गेला, एवढं नेमकं गणित शॉने देऊन ठेवलं आहे. हा टॉजर आता मुक्तिसेनेत दाखल झाला आहे. भांडायला आलेल्या बिल वॉकरला तो मारत नाही, खाली दाबून त्याच्यासाठी प्रार्थना करतो. बिलला मार परवडला असता, ही प्रार्थना सोसवत नाही. स्वसंरक्षणाच्या विद्येचा असा उपयोग त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या नाटककाराला सुचला नाही.

३० जानेवारी १९०४ रोजी लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात जॉर्ज हॅकेनश्मिट या कुस्तीगीराने ‘भयानक तुर्क’ म्हणून जाहिरात झालेल्या अहमद मद्रालीला मिनिटाच्या आत पाडलं, त्यात मद्रालीचा हात निखळला. त्याच वर्षी फ्रेड कार्नोच्या कंपनीने ‘ममिंग बर्ड्स’ हे प्रहसन आणलं आणि त्यात असाच एक ‘भयानक तुर्क’ आव्हान देत उभा राहिला. त्याच्याशी झटापट करायला प्रेक्षकांच्या बॉक्समधून धडपडत उतरायचा तो दारू प्यायलेला एक छानछोकी माणूस. ही भूमिका पुढे चार्ली चॅप्लिनने केली आणि तिने त्याला अमेरिकेपर्यंत नेलं. जाहिरातबाज कुस्तीची एवढी चोख फिरकी घ्यायला त्या धंद्याची आतली माहिती लागते आणि कार्नोची माणसं त्याच रंगमंचांवर वावरणारी होती.

आपल्याकडच्या वाचकाला याच काळातला गामा आठवेल. सप्टेंबर १९१०मध्ये लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर पोलंडचा झ्बिस्को अडीच तासांहून अधिक वेळ बहुतांशी पोटावर पडून राहिला आणि गामाला त्याला चीत करता आलं नाही. या कुस्तीवरचं इंग्रजी विनोदी लेखन कोणी एकत्र करून अभ्यासलं तर ते फार उपयोगी होईल.

विद्या अजिबात नसलेल्या माणसाचा विनोद एच. जी. वेल्सने १९१०च्या ‘द हिस्टरी ऑफ मिस्टर पॉली’मध्ये लिहिला. अपचनाने त्रासलेला, संसाराला कंटाळलेला, भित्रा दुकानदार मिस्टर पॉली एका नदीकाठच्या खाणावळीत येऊन पडतो आणि तिथल्या मालकिणीला छळणाऱ्या जिम या गुंडाशी त्याची गाठ पडते. पहिल्या झटापटीत पॉली झाडूने जिमला नदीत ढकलतो, पुढच्या लढाईत मेलेला वाम मासा हत्यार म्हणून फिरतो. वेल्सचा नायक कोणाकडे शिकायला जात नाही, तो घाबरून पळतो आणि मग परत येतो. १८५६च्या त्या फुगीर कोटातल्या गृहस्थाला ज्या भीतीबद्दल हसलं गेलं, तीच भीती वेल्सने समजून घेतली. पन्नास वर्षांत इंग्रजी विनोदाने गाठलेली ही मोठी मजल आहे.

लढणाऱ्या बाईवरचा विनोद मात्र जुन्याच रुळांवर राहिला. जानेवारी १८८४मध्ये गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची ‘प्रिन्सेस आयडा’ रंगभूमीवर आली. स्त्रियांच्या विद्यापीठात पुरुषांना बंदी, विद्यार्थिनींना शस्त्रं दिलेली, पण हल्ला होताच त्या कच खातात. १८६९मध्ये स्त्रियांसाठी गर्टन महाविद्यालय सुरू झालेलं असताना हा विनोद कोणावर होता ते स्पष्ट आहे. बायकांच्या टोपीतल्या लांबलचक पिनांवरही खूप लिहिलं गेलं. त्या पिना छेड काढणाऱ्याला टोचण्याच्या कामी खरोखर येत, पण विनोदकारांना भीती वाटायची ती ट्राममधल्या शेजाऱ्याच्या डोळ्याची.

याहून खोल गोष्ट ‘पंच’ या नावातच आहे. १८४१मध्ये सुरू झालेल्या या साप्ताहिकाने आपलं नाव घेतलं ते ‘पंच अँड जूडी’ या बाहुल्यांच्या खेळातून आणि त्या खेळात पंच आपल्या बायकोला काठीने बडवतो. बायकोला मारणं हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या हसण्याचा भाग होता. फ्रान्सिस पॉवर कॉब यांनी १८७८मध्ये बायकांच्या घरातल्या छळावर घणाघाती लेख लिहिला आणि त्याच वर्षी मारकुट्या नवऱ्यापासून वेगळं राहण्याची सोय कायद्यात झाली. अशा समाजात एखाद्या बाईने प्रतिकाराचा डाव शिकणं आणि तो चारचौघांत करून दाखवणं याचा अर्थ आजच्या स्वसंरक्षण वर्गापेक्षा फार मोठा होता.

एडिथ गॅरड यांचा जन्म १८७२चा, उंची चार फूट अकरा इंच. त्या आणि त्यांचे पती विल्यम यांनी उएनिशीकडे जुजुत्सू शिकून घेतलं आणि १९०८मध्ये त्याची गोल्डन स्क्वेअरची शाळा चालवायला घेतली. १९०७मध्येच एका लघुपटात त्यांनी वाटमाऱ्यांना लोळवणाऱ्या बाईची भूमिका केली होती. मे १९०९मध्ये मताधिकारवादी स्त्रियांनी नाइट्सब्रिजच्या स्केटिंग रिंकवर प्रदर्शन भरवलं, तिथे त्यांनी प्रात्यक्षिकं दाखवली. मार्च १९१०मध्ये ‘व्होट्स फॉर विमेन’ या चळवळीच्या वृत्तपत्रात स्वसंरक्षणावर लेख लिहिला. म्हणजे ‘पंच’ने त्यांच्याकडे लक्ष दिलं तेव्हा त्या आधीच जाहीर व्यक्ती होत्या.

६ जुलै १९१०च्या ‘पंच’मध्ये आर्थर वॉलिस मिल्स याचं व्यंगचित्र आलं. एक लहानखुरी बाई, डोक्यावर टोपी, एकटी उभी. समोर पोलिसांचा घोळका एकमेकांच्या आड लपतो आहे. काही शिपाई आधीच उचलून फेकले गेले आहेत, कोणी लोखंडी कठड्यावर लोंबकळतो आहे. चित्र रेखाटनाच्या दृष्टीने उत्तम आहे आणि त्यात कुत्सितपणा कमी आहे. बाई विद्रूप रंगवलेली नाही, फजिती पोलिसांची आहे. मताधिकारवाद्यांना दाताड, रागीट, नवरा न मिळालेल्या म्हणून रंगवणाऱ्या शेकडो पोस्टकार्डांच्या तुलनेत मिल्सने माणुसकी राखली, हे मान्य करायला हवं. तरीही चित्रातली गंमत ज्या गृहीतावर उभी आहे ते खोटं होतं. पोलीस बायकांना घाबरत नव्हते.

याचा पुरावा साडेचार महिन्यांत आला. १८ नोव्हेंबर १९१० रोजी संसदेवर गेलेल्या सुमारे ३०० स्त्रियांना पोलिसांनी आणि गर्दीतल्या पुरुषांनी तासन्‌तास झोडपलं, ढकललं, त्यांच्या अंगाशी लगट केली. इतिहासात तो दिवस ‘काळा शुक्रवार’ म्हणून नोंदला गेला. ज्या स्त्रियांनी संघटितपणे प्रतिकार शिकायचं ठरवलं त्यांच्या निर्णयामागे हा दिवस होता. विनोदाचा आढावा घेताना हा दिवस वगळला तर आढावाच खोटा ठरेल. जुजुत्सू येणाऱ्या बाईवरचं हसू हे बहुसंख्य बायकांना जुजुत्सू येत नसण्याच्या काळातलं हसू आहे.

गॅरडबाईंनी त्या हसण्याला दिलेलं उत्तर विनोदातच होतं. एप्रिल १९११मध्ये ‘हेल्थ अँड स्ट्रेंग्थ’ या व्यायामविषयक नियतकालिकात त्यांचं प्रहसन छायाचित्रांसह प्रसिद्ध झालं. दारुडा नवरा घरी येऊन हात उगारतो, बायको जुजुत्सूच्या डावांनी त्याला वळणावर आणते. पंच आणि जूडीचा खेळ इथे पूर्ण उलटा झाला आहे आणि काठी कोणाच्याच हातात नाही. बायकोचं कौशल्य इतकं नेमकं की नवऱ्याला दुखापत होत नाही, फक्त त्याची मग्रुरी उतरते. व्यायामाच्या नियतकालिकाचा वाचक बहुतांशी पुरुष, तरी ते तिथे छापलं गेलं. हसवता हसवता बायकोला मारणं हा गुन्हा आहे असं त्या वाचकाला सांगणारं लेखन त्या काळात फार थोडं आहे. त्याच वर्षी फ्रेड एव्हान्सने चार्ली स्मायलर नावाच्या पात्राला जुजुत्सू शिकायला लावून एक विनोदी मूकपट केला. शिकलेली विद्या दिसेल त्याच्यावर वापरणाऱ्या उतावळ्या माणसाची ती गोष्ट टूट्सच्या घराण्यातली आहे. गॅरडबाईंच्या प्रहसनाशी तुलना केली तर ती हलकी वाटते.

गॅरडबाईंनी म्हातारपणी सांगितलेली एक आठवण तर प्रहसनाहून सरस आहे. खिडक्यांच्या काचा फोडून पळालेल्या स्त्रिया त्यांच्या तालमीत आश्रयाला येत. दगड आणि हत्यारं चटयांखालच्या फळ्यांत लपवायची, बाहेरचे कपडे उतरवून सरावाचे चढवायचे आणि पोलीस दारात आले की इथे बायकांचा वर्ग चालू आहे असं त्यांना ठणकावून सांगायचं. सभ्यतेच्या ज्या नियमांनी बायकांना घरात बसवलं त्याच नियमांनी पोलिसांना उंबऱ्यावर रोखलं.

१९१३मध्ये उपोषण करणाऱ्या कैद्यांना अशक्त झाल्यावर सोडायचं आणि सावरल्यावर पुन्हा पकडायचं असा कायदा झाला. मताधिकार चळवळीच्या नेत्या एमेलीन पँकहर्स्ट यांना पुन्हा अटक होऊ नये म्हणून सुमारे पंचवीस-तीस स्त्रियांचं संरक्षक पथक तयार झालं आणि गॅरडबाईंनी त्यांना शिकवलं. झग्याखाली त्या लपवत ते मुदगल. आपल्या तालमीतली ही जोडी भारतात आलेल्या ब्रिटिश सैनिकांनी पाहिली, उचलली आणि १८३०च्या दशकापासून इंग्रजी व्यायामाच्या पुस्तकांत तिला जागा मिळाली. मग ती मुलींच्या शाळांत कवायतीचं साधन झाली आणि शेवटी पोलिसांच्या दंडुक्यांसमोर उभी राहिली. ९ मार्च १९१४ रोजी ग्लासगोच्या सेंट अँड्र्यूज हॉलमध्ये व्यासपीठाच्या कडेच्या फुलांच्या माळांखाली काटेरी तार दडवलेली होती. पोलीस व्यासपीठावर चढले, तारेत अडकले आणि हातघाईची लढाई झाली. पँकहर्स्ट यांना अखेर पकडून नेलं गेलं. ‘पंच’ने चार वर्षांपूर्वी जे गमतीने रेखाटलं ते आता हजारो प्रेक्षकांसमोर घडत होतं आणि सभागृहातल्या कोणाला हसू आलं असेल असं वाटत नाही.

या साऱ्या सामग्रीत एक मोठी उणीव आहे. टूट्सला बडवून साडेदहा शिलिंग नेणारा ठोसेबाज, म्युझिक हॉलच्या रंगमंचावर तानीसमोर पडलेला हमाल, दारुड्या नवऱ्याशी झुंजणारी कामगार वस्तीतली बाई, या सगळ्यांवर विनोद झाले, त्यांनी स्वतः केलेले विनोद फार थोडे उरले. म्युझिक हॉलची गाणी आणि स्वस्त विनोदी साप्ताहिकं यांचा बारकाईने धांडोळा घेतला तर ते सापडू शकतील. आजवरचा अभ्यास ‘पंच’च्या पानांवर जरुरीपेक्षा जास्त विसंबला आहे.

एडिथ गॅरड ९९ वर्षं जगल्या, १९७१मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचं १९११चं प्रहसन मी या काळातल्या स्वसंरक्षणावरच्या सर्व विनोदी लेखनात पहिल्या क्रमांकावर ठेवतो. शॉची चमक आणि वेल्सची करुणा त्यात नाही, पण ज्याला मार बसतो त्याच्या बाजूने केलेला विनोद तो हाच. मिल्सचं व्यंगचित्र आज कुठेही सहज पाहायला मिळतं. वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की ते पाहाल तेव्हा १९ नोव्हेंबर १९१०च्या ‘डेली मिरर’चं पहिलं पानही शोधून शेजारी ठेवा. त्यावर आदल्या दिवशी संसदेबाहेर जमिनीवर कोसळलेल्या एका स्त्रीचं छायाचित्र आहे.